तिसऱ्या ओळीतला श्वास

शाळा सुटायच्या आधी सगळी मुलं हॉलमध्ये जमून एक गीत म्हणतात, आणि त्या गीताच्या तिसऱ्या ओळीनंतर सगळी शाळा तोंडाने 'फुस्स, फुस्स' करते. बाहेरून आलेल्या माणसाला हसू आवरत नाही. गावातल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण लहानपणी त्यानेही तेच केलेलं असतं, त्याच्या आईनेही केलेलं असतं, आणि आता पोराला झोपवताना तोही तेच गीत म्हणतो आणि मध्येच इमानेइतबारे दोनदा फुस्स करतो. शब्द एक वेळ चुकतील, फुस्स चुकायचं नाही.

गीत तसं साधंच आहे, लहान मुलांचं.

शाळा सुटली, ऊन उतरले,
वाट घराची लांब किती;
सोडू नको रे प्रभू माझा
हात, मज वाटेल भीती.

'माझा' आणि 'हात' यांच्या मध्ये ते फुस्स. म्हणजे प्रभूला सांगायचं की सोडू नकोस, आणि काय सोडू नकोस ते सांगायच्या आधी थांबून दोन दम टाकायचे. देवाच्या सोशीकपणाला तोड नाही, दुसरं काय म्हणायचं.

मागे चर्चच्या एका पाळकांनी तर त्यावर अख्खं प्रवचन दिलं. मातीच्या माणसात देवाने फुंकर घातली तोच हा श्वास, म्हणाले. आपल्या वाडवडिलांनी किती विचार करून ही जागा ठेवली बघा. लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर बसलेल्या पेटीबाईंना मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. कारण ते फुस्स वाडवडिलांचं नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं.

पेटीबाई म्हणजे शाळेच्या गाण्याच्या जुन्या बाई. त्यांना दुसरं नाव असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शाळेत एक पायपेटी होती, म्हणजे पायाने भाता मारायचा आणि हातांनी सूर वाजवायचे. त्या भात्याला घडीवर चीर गेलेली. दोन ओळी हवा पुरायची, तिसरी कशीबशी ओढून न्यायची, आणि चौथीच्या उंबऱ्यावर पेटी मान टाकायची. मग बाई हात थांबवून दोनदा जोरात पाय मारायच्या, फुस्स, फुस्स, आणि पेटी पुन्हा उठायची. तेवढा वेळ पोरं गप्प उभी राहायची; त्यांना वाटायचं, गीतच असं आहे. पुढे कुणा वात्रटाने पेटीच्या जोडीने तोंडाने फुस्स केलं. बाईंनी त्याला कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने केलं. आता वर्गाला कोपरे चारच असतात, त्याला बाई तरी काय करणार? बाईंनी हात टेकले.

पेटी दुरुस्त करा म्हणून त्या दर वर्षी हेडबाईंकडे जात. "पुढच्या वर्षी बघू," असं हेडबाई म्हणत, आणि हेडबाई बदलल्या तरी वाक्य तेच राहिलं. शेवटी बाई निवृत्त झाल्या आणि त्याच सुट्टीत पेटीला नवा भाता बसला. असतं एकेकाचं नशीब. आता पेटीत चार काय, आठ ओळींची हवा मावते. पण मुलं तिसऱ्या ओळीनंतर थांबतात ती थांबतातच. दुखणं गेलं आणि खोकला तेवढा राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गावाला आवडतंय, पोरांना मजा येतेय. भाचीही त्यांना हेच म्हणे. पेटीबाई शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या दोन खोल्यांत या भाचीबरोबर राहत. भाची घरी शिवणकाम करायची, आणि मशीनचं चाक फिरवता फिरवता आत्याला शहाणपण शिकवायची.

पण ते गीत बाईंनी शाळेत आणलं होतं, आणि बाईंनी ते आईकडून घेतलं होतं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. संध्याकाळी ती फाटकातून बाहेर आली की लहानगी पेटीबाई तिच्या हाताला धरून घरी निघे. रस्ता लांब आणि मध्ये दिवे नसलेला, म्हणून आई हे गीत म्हणे. तिचे हात दिवसभर गरम पाण्यात राहून सुरकुतलेले असत. 'माझा' या शब्दावर ती सूर वर नेई आणि न सोडता तसाच 'हात'वर उतरवी, जिना उतरताना आपण कठडा न सोडता उतरतो तसा. आणि नेमकी तिथे तिची मूठ जराशी घट्ट होई. पोरीला रस्त्यातल्या अंधाराच्या भीतीपेक्षा त्या ओळीचीच ओढ जास्त असायची.

गीतांच्या पुस्तकात हे गीत आहे, पण पुस्तकात नुसते शब्द. चाल या तोंडातून त्या तोंडात जाते, आणि आईची ही चाल दुसरीकडे कुठे ऐकल्याचं कुणी सांगत नाही. बाईंची एक बहीण होती, तिला यायची. ती गेली. बाईंनी पेटीशिवाय शिकवून पाहिलं नाही असंही नाही. वर्गात पोरं नीट म्हणायची. हॉलमध्ये पेटी थांबली की तीही थांबायची. अशा रीतीने आईची ओळ बाईंनी स्वतःच्या पायांनी मोडली, वर्षानुवर्षं, रोज शाळा सुटताना, आणि आता मोडलेलीच खरी झाली होती. अख्खी ओळ उरली होती एकट्या बाईंच्या तोंडात. ते तोंड मिटलं की संपलं. याचं बाईंना फार वाईट वाटे, आणि सांगायचं कुणाला, तर हसतील.

मग शाळेत नव्या बाई आल्या. वर्षभरापुरत्याच नेमलेल्या, कायमच्या गाण्याच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. वयाने लहान, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, पण कान तयार. पहिल्या आठवड्यातच त्या चौकशी करत पेटीबाईंच्या दारात आल्या.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. ते फुस्स काय आहे?"

भाचीचं मशीन थांबलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"पेटी फाटकी होती," पेटीबाई म्हणाल्या. "माझं पाप आहे ते. बस अशी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. धुलाईघर, आईचा हात, पेटीचा भाता. नव्या बाई ऐकत राहिल्या. चहा गार झाला.

"म्हणून दाखवता?"

पेटीबाईंनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. 'सोडू नको रे प्रभू माझा' पर्यंत आल्या, सूर वर गेला, आणि तिथेच छातीने दगा दिला. खोकल्याची उबळ आली. भाचीने पाणी दिलं. डॉक्टरांनी वर्षभर बजावलं होतं, जिने टाळा, आवाज जपा, दम पुरणार नाही. दम पुरणार नाही तो नेमका कुठे, हे बाईंना आज कळलं.

"घ्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पेटीचा भाता शिवून झाला आणि आता माझा फाटला."

नव्या बाईंना हसावं की काय करावं कळेना. थोड्या वेळाने पेटीबाईंनी पुन्हा, अगदी हलक्या आवाजात, गुणगुणल्यासारखं म्हटलं, आणि या वेळी ओळ अख्खी उतरली. नव्या बाईंनी ती तिथल्या तिथे उचलली. दोनदा म्हणून दाखवली, बिनचूक.

"तुझ्या गळ्यात बसली, छान झालं," पेटीबाई म्हणाल्या. "पण तू उद्या जाशील दुसऱ्या शाळेत. पोरांच्या तोंडी बसली तर राहील. एकदा ऐकायची आहे गं मला ती शाळेत. एकदाच. न मोडता."

"ऐकवते," नव्या बाई म्हणाल्या. "पालकांच्या दिवसाला ऐकवते. शब्द दिला."

शब्द देणं सोपं असतं. नव्या बाईंनी दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. त्यांनी मुलांना दोन-दोनच्या जोड्यांनी उभं केलं, 'माझा'वर श्वास धरायला शिकवला, बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली, की इथून इथवर तुटायचं नाही. मुलं हुशार, चार दिवसांत शिकली. पाचव्या दिवशी सुट्टी, आणि सहाव्या दिवशी सगळं मुसळ केरात. घरोघरी आयाबापांनी पोरांना दुरुस्त करून पाठवलं होतं.

यात सगळ्यात पुढे होता पोस्टमन. हा पेटीबाईंचाच विद्यार्थी, आवाज असा की पत्र आलं की दोन गल्ल्यांना कळे. त्याची धाकटी मुलगी शाळेत होती. तो सायकल कुंपणाला टेकवून थेट हॉलच्या दारात आला.

"नव्या बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मान्य. पण गीत चुकीचं शिकवताय तुम्ही. तिथे श्वास आहे."

"तिथे श्वास नाहीये. पेटी फाटकी होती म्हणून..."

"मी पेटीबाईंच्या हाताखाली शिकलोय," पोस्टमन शांतपणे म्हणाला. "त्यांच्याहून जास्त तुम्हाला माहीत?"

पेटीबाईंचीच साक्ष काढावी तर त्यांनी हात जोडले होते, की माझं नाव घेऊ नकोस, गाव मला हसेल. नव्या बाई पुन्हा पेटीवर बसल्या. हेडबाईंनीही बोलावून घेतलं. "पालक नाराज होतील असं काही करू नका, वर्षभराचाच तर प्रश्न आहे," असं गोड शब्दांत सांगितलं. पण पोरगी जिद्दीची. ती रोज थोडं थोडं शिकवत राहिली, आणि पोरं शाळेत एक आणि घरी एक असं म्हणायला शिकली. दोन्ही डगरींवर हात ठेवायची कला पोरांना उपजतच असते.

इकडे पेटीबाईंनी काय केलं असेल? रोज शाळा सुटायच्या वेळी खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. हॉलची खिडकी उघडी असली की अर्धंमुर्धं ऐकू यायचं. कधी ओळ अख्खी येते असं वाटे, कधी मध्येच शिंकल्यासारखं फुस्स. "आत्या, वारा लागतोय," भाची म्हणे. "लागू दे," त्या म्हणत.

पालकांच्या दिवशी हॉल गच्च भरला. मागे उभं राहायलाही जागा नाही. पेटीबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, भाची शेजारी. भाषणं झाली, बक्षिसं झाली, एका वर्गाने नाटुकलं केलं त्यात मेंढपाळाची दाढी सुटून पडली आणि त्याने ती पुढचा सगळा वेळ हातात धरून काम केलं. शेवटी मुलं शाळेच्या गीताला उभी राहिली. नव्या बाईंनी पेटीवर बसताना पेटीबाईंकडे पाहिलं आणि चष्मा वर ढकलला.

एक गोष्ट नव्या बाईंच्या हिशेबात राहून गेली होती. या दिवशी शेवटचं गीत मुलं एकटी म्हणत नाहीत. पालकही उठून उभे राहतात.

पहिली ओळ शेकडो गळ्यांतून उठली, भिंतींना धरून. दुसरीही. तिसरी ओळ वर चढली, आणि मुलं शिकवल्याप्रमाणे न थांबता 'हात'वर उतरली. पेटीबाईंनी ते ऐकलं. खरंच ऐकलं, अर्धा क्षण, बारीक आवाजांचं, अख्खं. आणि त्याच क्षणाला सगळ्या आयाबापांनी एका दमात फुस्स, फुस्स केलं, पोस्टमनने सगळ्यांत जोरात. मुलं पुढे निघून गेली, पालक मागून 'हात' म्हणत आले, कुणाचा हात कुणाच्या भीतीत शिरला, आणि गीताची अशी काही गाठ बसली की पेटीसुद्धा थांबली. हॉल हसला. मुलं रडकुंडीला आली. हेडबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पुन्हा," त्या दात आवळून म्हणाल्या. "नेहमीसारखं."

नव्या बाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी मुलांनी शहाणपणा केला. पहिलं कडवं निमूटपणे फुस्स करून पार पडलं. हॉल खूश. दुसऱ्या कडव्यातही शेवटच्या दोन ओळी त्याच आहेत, तेव्हा आता पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं.

पेटीबाईंना राग आला. पोस्टमनचा नाही, हेडबाईंचाही नाही, तर स्वतःचा, की ज्या जागी आपण रोज पाय मारत बसलो तिथे एकदाही गायलो नाही. पाय मारणाऱ्याला गायला दम कुठला? आता पाय मोकळे होते. त्या भाचीचा खांदा धरून उभ्या राहिल्या. 'सोडू नको रे' सगळ्यांबरोबर धरलं, 'प्रभू माझा' म्हणताना सूर वर नेला. हॉल थांबला, श्वास घ्यायला तोंडं उघडली. आणि त्या मोकळ्या जागेत पेटीबाईंचा एकटीचा आवाज, चिरकलेला, पण न तुटलेला, 'माझा'वरून खाली 'हात'वर आला.

कुणी फुस्स केलं नाही. करायचं विसरले. पोस्टमनचं तोंड उघडंच राहिलं. मग, इतक्या वर्षांची सवय, सगळा हॉल आपल्या ठरल्या वेळी 'हात' म्हणत आत आला, बाईंच्या हातावर आपला हात ठेवावा तसा, आणि गीत शेवटाला गेलं.

पेटीबाई मटकन खाली बसल्या. त्यांना धाप लागली होती. भाची वारा घालत होती. माणसं येऊन भेटत होती. "बाई, काय छान केलंत, मध्येच एकट्याने म्हणायचं. पुढच्या वर्षीही करा," पोस्टमन त्यांच्या पाया पडत म्हणाला, आणि त्याला खरंच तसंच वाटत होतं. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

हॉल रिकामा झाल्यावर नव्या बाई आल्या. रडून नाक लाल.

"मला माफ करा. शब्द दिला होता."

"तू पुष्कळ केलंस," पेटीबाई म्हणाल्या. मग खरं तेच बोलल्या, कारण या मुलीशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "पण नाही जमलं गं. आईचं राहिलं नाही, गावाचं राहिलं नाही. हे तिसरंच काहीतरी झालं. असू दे. चल घरी, चहा घेऊ."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठल्या नाहीत. डॉक्टर येऊन ओरडून गेले. संध्याकाळी शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा भाची खिडकी लावायला उठली.

"राहू दे," पेटीबाई म्हणाल्या.

हॉलमधून पेटीचा सूर आला. पहिली ओळ, दुसरी ओळ. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. तिसरी ओळ वर चढली आणि आवाज थांबले. आता फुस्स, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

फुस्स आलं नाही. त्या जागी कुणा एका पोरीचा घोगरा, जरासा बेसूर आवाज 'हात' म्हणाला, आणि मग बाकी सगळी शाळा तिच्यामागून आत आली.

बाई उठून बसल्या. दुसरं कडवं. पुन्हा तेच, या वेळी एक मुलगा. त्याला 'हात'पर्यंत पोचताना दम कमी पडला, पण त्याने ओळ सोडली नाही.

थोड्याच वेळात नव्या बाई कुंपणाला वळसा घालून धावत आल्या. चष्मा हातातच.

"मी काहीच सांगितलं नाही त्यांना, शपथ. पहिली म्हणणारी पोरगी म्हणाली, पेटीबाईंनी केलं तसंच आता करायचं. आणि भांडताहेत, बाई. आज कुणी, उद्या कुणी. प्रत्येकाला ती मधली जागा हवी आहे. मी म्हटलं, पाळीपाळीने. थांबवू का त्यांना?"

पेटीबाई मनातल्या मनात ओळ म्हणून पाहत होत्या. बाकीची मुलं श्वास घ्यायला थांबतात. पण मधल्या जागेत म्हणायचं असेल त्याला थांबून चालत नाही. त्याला 'माझा'वरून सरळ 'हात'वरच उतरावं लागतं, आई उतरायची तसं, न तोडता. म्हणजे आजवर एकीच्या तोंडी होती ती ओळ आता रोज एका पोराच्या तोंडी असणार. दर दिवशी नव्या.

"आत्या, रडतेस?" भाचीने विचारलं.

"हो," पेटीबाई म्हणाल्या. "थांबवू नकोस गं त्यांना. आणि त्या घोगऱ्या आवाजाच्या पोरीला सांग, फार छान म्हटलंस म्हणून."